विंडोज ७ च्या जुन्या पीसीवर स्क्रीन बिघडली? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा



हातात नवा अँड्रॉइड फोन असला तरी घरात किंवा दुकानात एखादा जुना पीसी असतोच. जळगाव-धुळ्याकडच्या डीटीपीवाल्यांकडे मी अजूनही विंडोज ७ चालताना बघतो. श्रीलिपीचे जुने फॉन्ट, डाँगल आणि कित्येक वर्षांच्या लग्नपत्रिकांच्या फाइल्स त्याच मशीनवर असतात. अशा वेळी ऐन लग्नसराईत स्क्रीनवर सगळं मोठं आणि ताणलेलं दिसायला लागलं, की कोणीतरी हमखास सांगतं, "फॉरमॅट मारा." थांबा! बहुतेक वेळा प्रॉब्लेम फक्त डिस्प्ले ड्रायव्हरचा असतो.

ड्रायव्हर म्हणजे काय?

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. आजी फक्त अहिराणी बोलते, पाहुण्यांना फक्त इंग्रजी कळतं. मध्ये नातू नसेल तर दोघं नुसती हातवारे करणार. विंडोज आणि ग्राफिक्स चिप यांचंही तसंच. ड्रायव्हर नसला तर विंडोज ७ 'स्टँडर्ड व्हीजीए ग्राफिक्स अ‍ॅडॅप्टर' वापरून कामचलाऊ चित्र दाखवतं.

स्टेप १: चिप ओळखा

आधी महत्त्वाच्या फाइल्स पेन ड्राइव्हवर कॉपी करा. मग 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून 'मॅनेज'मधून डिव्हाइस मॅनेजर उघडा. 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स'खालच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स आणि तिथे 'हार्डवेअर आयडीज'. त्यात 'व्हीईएन' या अक्षरांपुढे ८०८६ असेल तर चिप इंटेलची, १०डीई असेल तर एनव्हिडियाची आणि १००२ असेल तर एएमडीची. त्यापुढचा 'डीईव्ही'चा कोड म्हणजे नेमकं मॉडेल.

स्टेप २: फोनवर डाउनलोड करा

जुन्या ब्राउझरमध्ये आजच्या अनेक साइट्स उघडत नाहीत. म्हणून हा कोड फोनवर सर्च करा आणि कंपनीच्याच साइटवरून विंडोज ७ चा ड्रायव्हर घ्या. ३२ बिट की ६४ बिट, हे 'कॉम्प्युटर'च्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतं. यूएसबी केबल लावून फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि फाइल पीसीवर टाका. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका; त्यासोबत नको ते बरंच काही येतं.

स्टेप ३: 'कोड ५२' आला तर

६४ बिट विंडोज ७ ड्रायव्हरची डिजिटल सही तपासतं. नवे ड्रायव्हर एसएचए-२ पद्धतीने सही केलेले असतात आणि अपडेट न केलेल्या विंडोज ७ ला ती सही ओळखता येत नाही. त्यासाठी सर्व्हिस पॅक १ आणि मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगवरचं केबी ४४७४४१९ हे अपडेट टाका.

स्टेप ४: स्क्रीन काळी पडली तर

घाबरू नका. पीसी रीस्टार्ट करा आणि विंडोजचा लोगो येण्याआधी एफ८ दाबत राहा. 'सेफ मोड' निवडून डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा आणि ड्रायव्हर टॅबमधलं 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. ते बटण फिकं असेल तर ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा. तुमच्या फाइल्सना धक्का लागत नाही.

खान्देशी उन्हाळ्याचं काय?

'डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पाँडिंग' असा मेसेज येतो तेव्हा चिपने साधारण २ सेकंदांत उत्तर दिलेलं नसतं आणि विंडोजने ड्रायव्हर पुन्हा सुरू केलेला असतो. हा मेसेज फक्त दुपारीच येत असेल तर आधी कॅबिनेट उघडा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्यात पंख्यात धूळ साचली की चिप तापते. पीसी बंद करा, प्लग काढा आणि मऊ ब्रशने धूळ साफ करा. अशा वेळी दहा ड्रायव्हर बदलूनही फरक पडणार नाही.

शेवटची गोष्ट: विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून सर्वसाधारण सपोर्ट बंद केला. त्यामुळे या पीसीवर डिझाइनचं काम करा, पण नेट बँकिंग करू नका. काम झालं की इंटरनेट बंद ठेवा आणि चालणाऱ्या ड्रायव्हरची एक कॉपी पेन ड्राइव्हवर जपून ठेवा. पुढच्या सीझनला शोधाशोध नको!