मका आला, चुना मागे राहिला

नवरात्रात वणीच्या बाजारात झेंडूच्या फुलांचे जे ढीग लागतात, त्यांच्या आजूबाजूलाच टोमॅटोचे क्रेट, हिरव्या मिरचीच्या गोण्या, मक्याची कणसे आणि हारांसाठी आणलेला निशिगंध मांडलेला असतो. दिंडोरी तालुक्यातील माणसाला हा सारा माल आपल्याच मातीतला वाटतो आणि तसे वाटण्यात काही चूक नाही. परंतु या पाचही वनस्पतींचे मूळ, किंवा निदान त्यांच्या लागवडीचा आरंभ, मेक्सिकोच्या भूमीत आहे आणि १६व्या शतकापासून युरोपीय, विशेषतः पोर्तुगीज, जहाजांच्या मार्गाने त्या टप्प्याटप्प्याने भारतात आल्या. आल्या त्या मात्र एकट्याच. ज्या समाजांनी त्यांना हजारो वर्षे वाढवले, त्यांची या वनस्पतींविषयीची समज, त्यांचे विधी आणि त्यांच्या पाककृती मागेच राहिल्या. मराठी प्रवाशाने मेक्सिकोला का जावे, या प्रश्नाचे उत्तर या मागे राहिलेल्या विद्येत आहे. पिरॅमिड आणि समुद्रकिनारे पर्यटन कंपन्या दाखवतातच.

झेंडूपासूनच आरंभ करणे योग्य ठरेल. मेक्सिकोच्या मध्य पठारावरील नाहुआत्ल या भाषेत, जी अस्तेक राज्यकर्त्यांची भाषा होती आणि आजही लाखो लोकांच्या बोलण्यात आहे, या फुलाला ‘वीस-फूल’ अशा अर्थाचे नाव आहे आणि त्यावरूनच आजच्या मेक्सिकन स्पॅनिशमधील ‘सेम्पासुचिल’ हा शब्द आला. त्या संस्कृतीत मोजणी दहाच्या नव्हे तर विसाच्या पटीत होत असल्याने ‘वीस’ म्हणजे पुष्कळ, अर्थात पुष्कळ पाकळ्यांचे फूल. हे फूल तेथे मृतांचे मानले जाते. १ आणि २ नोव्हेंबर या दोन दिवशी साजऱ्या होणाऱ्या ‘दिया दे लोस मुएर्तोस’ म्हणजे मृतांच्या दिवशी घरोघरी ‘ओफ्रेंदा’ मांडतात. ओफ्रेंदा म्हणजे दिवंगत आप्तांची छायाचित्रे, त्यांच्या आवडीचे पदार्थ, पाणी, मीठ, मेणबत्त्या आणि ‘कोपाल’ या झाडाच्या डिंकाचा धूप यांनी सजवलेली चौरंगासारखी मांडणी. दारापासून या मांडणीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट पसरतात, कारण त्या रंगाच्या आणि उग्र वासाच्या आधाराने पूर्वज घर ओळखतात अशी श्रद्धा आहे. दसऱ्याला दारावर झेंडूचे तोरण बांधणाऱ्या मराठी माणसाला ही कल्पना प्रथमदर्शनी अशुभ वाटण्याचा संभव आहे. पितृपक्ष आणि शुभकार्य यांच्यामध्ये आपल्याकडे जशी स्पष्ट रेघ आहे तशी तेथे नाही, आणि स्मशानात रात्रभर बसून गाणी म्हणणारे, हसणारे, जेवणारे कुटुंब पाहिल्याशिवाय ती रेघ किती आपली आहे हे कळत नाही.

तरीही आपल्या परंपरेत या कल्पनेचा धागा अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवा लावला जातो आणि दिवाळीतील उल्कादानाचा, म्हणजे चूड पेटवून पितरांना वाट दाखवण्याचा, विधी धर्मशास्त्रग्रंथांत सांगितलेला आहे. दारावरचा आकाशदिवाही पितरांना उजेड दाखवतो असे अनेक घरांत मानतात. फरक इतकाच की आपल्याकडे दिवाळीतून पितर जवळजवळ निवृत्त झाले आणि मेक्सिकोत ते केंद्रस्थानी राहिले. युनेस्कोने २००८ साली या उत्सवाचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. ज्या प्रवाशाला तो पाहायचा आहे त्याने मिचोआकान राज्यातील पात्स्क्वारो सरोवराकाठच्या गावांकडे किंवा राजधानीच्या दक्षिण सीमेवरील मिस्किक येथे जावे. राजधानीच्या हमरस्त्यावरून निघणारी सांगाड्यांची भव्य मिरवणूक मात्र पुरातन समजू नये. २०१५ साली आलेल्या एका जेम्स बाँड चित्रपटात अशी काल्पनिक मिरवणूक दाखवली गेली आणि पुढच्याच वर्षी ती खरोखर निघू लागली. परंपरा अशाही जन्मतात.

मक्याची कथा अधिक गंभीर आहे. दक्षिण मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी ‘तेओसिंते’ नावाच्या एका रानगवतापासून, ज्याच्या ओंबीत मोजके आणि दगडासारखे कठीण दाणे असतात, माणसाने निवडीच्या जोरावर मका घडवला. हे धान्य तेथे कच्चे दळत नाहीत. वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर मुरत ठेवतात, सकाळी धुऊन त्यांची टरफले काढतात आणि मग ते ओलेच वाटतात. अशा तयार मक्याला ‘निश्तमाल’ म्हणतात आणि वाटण्यासाठी वापरला जाणारा ‘मेताते’ म्हणजे आपल्या पाट्याचा पाय असलेला भाऊबंदच आहे. चुन्यामुळे कणीक चिकट होते आणि तिची पातळ ‘तोर्तिया’ न फुटता भाजता येते. ज्यांनी मक्याची भाकरी थापली आहे आणि तिच्या कडा फुटताना पाहिल्या आहेत त्यांना या युक्तीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. परंतु चुन्याचे खरे काम डोळ्यांना दिसत नाही. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहज न मिळणाऱ्या स्वरूपात बांधलेले असते आणि चुन्याच्या प्रक्रियेने ते मोकळे होते. युरोपने मका नेला, चुना नेला नाही, आणि त्यामुळे १८व्या शतकापासून उत्तर स्पेन व उत्तर इटलीतील मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत ‘पेलाग्रा’ हा रोग पसरला, ज्यात कातडी सोलवटते, पोट बिघडते आणि अखेरीस बुद्धिभ्रंश होतो. त्याचे कारण कळायला २०वे शतक उजाडावे लागले, तर मेक्सिकोतील बायका कारण न जाणताही उपाय हजारो वर्षे करीत होत्या. नाशिक जिल्ह्यातही मका मोठ्या प्रमाणावर पिकतो, पण त्यातला बराचसा कोंबड्यांच्या खाद्याकडे आणि स्टार्चच्या कारखान्यांकडे जातो. घरोघरी पानाच्या डब्यात चुना असूनही त्याची आणि मक्याची गाठ आपल्याकडे पडली नाही. याच संदर्भात ‘वित्लाकोचे’चाही उल्लेख करायला हवा. मक्याच्या कणसावर काणी रोगाची जी राखाडी-काळी बुरशी फुगून येते, जी पाहून कोणीही शेतकरी कणीस उपटून फेकील, तीच तेथे पक्वान्न म्हणून चढ्या भावाने विकली जाते.

वणी हे नाव महाराष्ट्रभर ज्या देवीमुळे पोहोचले ती सप्तशृंगी प्रत्यक्षात कळवण तालुक्यातील गडावर आहे, तरी भाविक तिला ‘वणीची देवी’ म्हणूनच ओळखतात आणि चैत्रात खानदेशातून तिच्यासाठी पायी दिंड्या निघतात. १२ डिसेंबरला मेक्सिको शहरातील तेपेयाक टेकडीकडे पायी, सायकलींवर आणि काही जण गुडघ्यांवर सरकत जाणारे लक्षावधी लोक पाहून मराठी प्रवाशाला हीच यात्रा आठवेल. १५३१ साली हुआन दिएगो नावाच्या नाहुआत्लभाषक माणसाला या टेकडीवर कुमारी मेरीचे दर्शन झाले आणि तिची प्रतिमा त्याच्या घायपाताच्या धाग्यांच्या उपरण्यावर उमटली, अशी ही कथा आहे. ग्वादालूपेची ही माता वर्णाने सावळी आहे. त्याच टेकडीवर पूर्वी ‘तोनान्त्सिन’ म्हणजे ‘आमची पूज्य आई’ या नावाने देवीची पूजा होत असे आणि लोक नव्या मातेलाही त्याच नावाने हाक मारतात, अशी तक्रार बेर्नार्दिनो दे साआगून या १६व्या शतकातील धर्मोपदेशकाने लिहून ठेवली. आईला हाक मारणाऱ्यांना ही तक्रार कितपत कळली असेल, हा प्रश्नच आहे.

देवाणघेवाण एकतर्फी मात्र नव्हती. १५६५ ते १८१५ या काळात मनिला आणि आकापुल्को यांच्या दरम्यान स्पॅनिश जहाजे ये-जा करीत आणि त्या मार्गाने आशियातील मसाले व आंबा मेक्सिकोत रुजले. तेथील एका आंब्याचे नावच ‘मनिला’ आहे. मिरची, चॉकलेट आणि तीळ एकत्र वाटून केलेल्या ‘मोले’ या रश्शात दालचिनी आणि लवंग पडते. याच मार्गाने माणसेही नेली गेली. पुएब्ला शहरात १६८८ साली मरण पावलेली आणि संतिणीसारखी मान मिळालेली कातारीना दे सान हुआन ही भारतातून पळवून, गुलाम म्हणून विकून तेथे आणलेली स्त्री होती.

स्वेच्छेने गेलेला आणि विद्या बरोबर नेणारा मराठी माणूस मात्र वर्ध्याचा होता. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे (१८८४-१९६७) हे गदर चळवळीचे एक संस्थापक. अमेरिकेत त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले, पहिल्या महायुद्धात इराणच्या भागात इंग्रजांविरुद्ध लढले, आणि मायदेशाचे दार बंद झाल्यावर १९२४ च्या सुमारास मेक्सिकोला पोहोचले. तेथे नुकतीच क्रांती झाली होती, जमिनी शेतकऱ्यांना वाटल्या जात होत्या आणि त्या कसण्याचे ज्ञान देणारी माणसे हवी होती. राजधानीच्या पूर्वेस असलेल्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते अध्यापक झाले, मका आणि गहू यांच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा उभारल्या, ज्यांत शिकणाऱ्याला शुल्क नव्हते. प्रसिद्ध छायाचित्रकार तीना मोदोत्ती हिने त्यांच्या कामाची छायाचित्रे घेतली. चित्रकार दिएगो रिवेरा याने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर काढलेल्या ‘आमची भाकर’ या अर्थाच्या शीर्षकाच्या भित्तिचित्रात, जेवणाच्या मेजाशी पाव मोडणाऱ्या मुख्य व्यक्तीच्या रूपात खानखोजेच आहेत. त्यांची कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत आणि वीणा गवाणकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले आहे.

ज्या प्रवाशाला एकच पूर्ण दिवस मिळेल त्याने सकाळी हे भित्तिचित्र पाहावे आणि नंतर चापिंगोला जावे, जेथे जुन्या जमीनदाराच्या प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर रिवेराने शेतीची आणि क्रांतीची गाथा रंगवली आहे आणि जेथे २०२२ साली खानखोजे यांचा पुतळा बसवण्यात आला. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर असल्याने पहिल्या दिवशी धाप लागते, हे मात्र ध्यानात ठेवावे. ऑक्टोबरअखेरीपासून पाऊस ओसरलेला असतो आणि झेंडूचे मळे फुललेले असतात.

खानखोजे स्वातंत्र्यानंतर परतले आणि पुढे नागपुरात स्थायिक झाले. १९६६ साली भारताने दुष्काळाच्या सावटात मेक्सिकोहून लेर्मा रोहो आणि सोनोरा या बुटक्या गव्हांचे १८,००० टन बियाणे मागवले. दाणा लालसर म्हणून लोकांनी नाके मुरडली, तेव्हा भारतीय संशोधकांनी निवड करून पिवळसर दाण्याचे कल्याणसोना आणि सोनालिका हे वाण पुढे आणले. जानेवारी १९६७ मध्ये नागपुरात खानखोजे यांचे निधन झाले, तेव्हा मेक्सिकोहून आलेल्या त्या बियाण्याचे पहिले मोठे पीक उत्तर हिंदुस्थानातील शेतांत अजून हिरवे उभे होते.