डावा कोपरा

कबड्डीत चढाईपटू सगळ्यांना दिसतो. एकटा मध्य रेषा ओलांडून समोरच्या सातांत शिरतो आणि निवेदकाचा आवाज, गर्दीच्या माना, सगळं त्याच्याबरोबर फिरतं. खेळाडू हेरायला आलेला माणूस मात्र बचावाकडे बघत असतो. न्हावा शेवा बंदराच्या मागच्या गावांत होणाऱ्या रात्रीच्या सामन्यांना मी अशाच एका माणसाशेजारी बसत आलो आहे. त्यांनी ऐन उमेदीत कोपरा सांभाळला. आता एका व्यावसायिक संघासाठी पोरं शोधतात. गावात त्यांना सगळे 'सर' म्हणतात. त्यांची नजर गुडघ्याच्या वर फारशी जात नाही.

जासई, सोनारी, जसखार, करळ, फुंडे. इथे भातकापणी आटोपली की मैदानं आखली जातात. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथला शेतकरी उभा राहिला, पाच जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. बंदर 1989 साली सुरू झालं. शेतं गेली, मिठागरं आकसली, कबड्डी टिकली. गावदेवीच्या नाहीतर हनुमानाच्या नावाचा संघ नाही असं गाव या पट्ट्यात शोधावं लागेल. रायगडचा बचावपटू दणकट असतो तो मिठागरात राबून, असं अजून बोललं जातं. मला ते पटत नाही. आजची पोरं कंटेनर यार्डात कागदपत्रं सांभाळतात, ट्रेलर चालवतात, कॉलेजात जातात. ती दणकट आहेत ती लहानपणापासून थोरल्यांच्या पकडीतून सुटायची धडपड करत आल्यामुळे.

परवाच्या सामन्यात डाव्या कोपऱ्यावर एक पोरगा होता, असेल एकोणीसचा. रुंद खांदे, जाड मनगटं, चेहऱ्यावर राग. दुसऱ्याच चढाईला त्याने चढाईपटूची मांडी धरून त्याला असा आपटला की मंडपातली माणसं उभी राहिली. मीही टाळ्या वाजवल्या. सरांनी वहीत काहीच लिहिलं नाही. म्हणाले, "तो चढाईपटू दमलेला होता. आता बघ, हा पुढे जाईल."

आणि तो गेलाच. पुढच्या चढाईला समोरचा निदान रेषेपर्यंतही आला नव्हता, तोवर पोराने झेप घेतली. हात निसटला. साखळीतला मध्यरक्षक त्याला सावरायला धावला, त्यालाही स्पर्श झाला, चढाईपटू मध्य रेषेला टेकला. दोन गुण गेले, दोन गडी बाहेर.

बचावाचं सगळं मर्म या हिशेबात आहे. यशस्वी पकडीचा गुण एकच. फसली तर अंगाला लागलेले सगळे बाद. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड झाली तर एक गुण जास्त मिळतो, तिला आपण अव्वल पकड म्हणतो, पण एरवी हा व्यवहार बचावपटूच्या विरुद्धच जातो. म्हणून सरांना आक्रमक पोरापेक्षा थांबणारा पोरगा हवा असतो. थांबणं म्हणजे घाबरणं नव्हे. तीस सेकंदांची चढाई, अंगात ताकद सळसळते आहे, चढाईपटू हात दाखवून खुणावतो आहे, आणि तरीही पाय मागे ठेवून बसायचं, याला फार मोठी छाती लागते. या खेळातला दणकटपणा मी तिथेच मोजतो.

संयमाचं फळ बोनस रेषेजवळ मिळतं. सहा किंवा सात बचावपटू मैदानात असले तरच बोनस असतो. ती रेषा ओलांडताना चढाईपटूचा मागचा पाय हवेत असावा लागतो, म्हणजे क्षणभर त्याचं सगळं वजन एका पायावर, तेही मध्य रेषेपासून जवळजवळ पाच मीटर आत. कोपरारक्षक याच क्षणासाठी बसलेला असतो. घोटा हातात आला की काम अर्धं झालं. उरलेलं अर्धं म्हणजे मध्यरक्षक येऊन ब्लॉक करीपर्यंत तो घोटा न सोडणं. वाकलेल्या कोपरारक्षकाला समोरचं दिसत नाही, दुसरा पाय तोंडावर बसू शकतो, बोटं मुरगळतात. बहुतेक जुन्या कोपरारक्षकांची बोटं सरळ नाहीत. सरांचीही नाहीत.

मध्यंतराच्या आधी नेमकं तेच घडलं. पोराने घोटा धरला, गुडघा त्याच्या जबड्यावर बसला, ओठ फाटला. पकड सुटली नाही. आता सर पुढे सरकून बसले. मला वाटलं, पकडीमुळे. त्यांना पाहायची होती पुढची चढाई: तो आता कुठे उभा राहतो? मार खाल्लेला कोपरारक्षक नकळत अर्धं पाऊल बाहेर सरकतो, आणि तेवढ्या फटीतून चढाईपटूला बोनस मिळतो. हा पोरगा होता तिथेच बसला, तेवढाच खोल. सरांनी पहिल्यांदा पेन उघडलं.

आपल्याकडे बचावपटूची किंमत उशिरा कळली. प्रो कबड्डी 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा जाहिरातींत चढाईपटूच होते. पुढे 2018 च्या लिलावात एक कोटीचा आकडा गाठणारा पहिला खेळाडू ठरला फझल अत्राचली, इराणचा डावा कोपरा, यू मुंबाने घेतलेला. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई खेळांत इराणच्या बचावाने उपांत्य फेरीत भारताला 18 गुणांवर रोखून हरवलं. त्या भारतीय संघात आपला गिरीश एर्नाक होता, तोही डावा कोपरा. पुढे पुणेरी पलटणने इराणच्याच मोहम्मदरझा शादलूवर 2.35 कोटी लावले आणि त्या हंगामाचं विजेतेपद मिळवलं. हे आकडे इथल्या पोरांना पाठ आहेत.

पण पाठ असून भागत नाही. ही पोरं मातीवर अनवाणी वाढतात. मातीत पाय घसरतो, त्या घसरण्याचा फायदा घेऊन घोटा ओढायची त्यांना सवय असते. मॅटवर बूट चिकटतात, चढाईपटू दुप्पट वेगाने वळतो आणि उशिरा वळलेला गुडघा दुखावतो. बंदरामुळे एवढी उलाढाल होणाऱ्या या पट्ट्यात प्रत्येक पोराला रोज सरावाला मॅट मिळायला हवं. ते मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गुणी कोपरारक्षक इथून चाचणीला जातात आणि पहिल्या दिवशी बुटांशीच झगडत राहतात.

उत्तरार्धात पोरगा आणखी दोनदा पुढे गेला आणि दोन्ही वेळा फसला. पुढे समोरच्यांच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या. तिसऱ्या चढाईला, म्हणजे समोरच्याला गुण आणावाच लागणार होता तेव्हा, मात्र तो बसून राहिला. मागून कुणीतरी ओरडत होतं, "घे रे त्याला!" त्याने घेतलं नाही. तीस सेकंद संपली, चढाईपटू स्वतःहून बाद झाला. कुणाच्या नावावर पकड लागली नाही, टाळ्याही फारशा पडल्या नाहीत. सरांच्या वहीत त्या चढाईवर दोन ओळी आहेत.

सामना त्याच्या संघाने गमावला. ओठाला बर्फ लावून तो आला, सरांच्या पाया पडला. सरांनी पकडींबद्दल अवाक्षर काढलं नाही. वजन किती, जन्मदाखला आहे का, उजवा गुडघा कधी दुखावला होता, एवढंच विचारलं. गुडघ्याचं त्याने लपवलं होतं. उतरताना तो आधी डावा पाय टेकतो हे सरांनी पाहिलं होतं.

"गुरुवारी मॅटवर येशील?"

"सर, गुरुवारी यार्डात रात्रपाळी आहे."

मागे उभे असलेले त्याचे काका पुढे आले. म्हणाले, "पाळी मी बदलून घेतो सर, तुम्ही वेळ सांगा." सरांनी सकाळी सातची वेळ दिली, बुटांचा नंबर विचारला आणि तो वहीत त्या दोन ओळींखाली लिहून घेतला.