आधी कोण चिडलं?

पिट्सबर्गच्या संशोधकांनी काही आयांना एक अवघड काम दिलं. आपल्या मुलाच्या कोणत्या गोष्टीचा आपल्याला त्रास होतो, ते अर्धा मिनिट बोलून रेकॉर्ड करायचं. मग मुलांना एमआरआय यंत्रात झोपवून त्यांना आपापल्या आईचं ते बोलणं ऐकवण्यात आलं. एकूण ३२ मुलंमुली, सरासरी वय चौदाच्या आसपास, सगळी निरोगी. आईची टीका कानावर पडताच मेंदूतल्या भावनांशी संबंधित भागांची हालचाल वाढली. भावनांना आवर घालणारे आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ताडणारे भाग मात्र मंदावले.

२०१५ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग वाचून कुणालाही वाटेल, ‘तुझ्या भल्यासाठीच बोलतेय’ हे पोरांच्या डोक्यात का शिरत नाही, याचा उलगडा झाला! पण ३२ मुलं म्हणजे फार नव्हेत, आणि यंत्रातला अर्धा मिनिट म्हणजे घर नव्हे. घरात मूलही बोलतं. दार आपटतं, ताट बाजूला सारतं, चार दिवस कुणाशी बोलत नाही. त्याचा आईवडिलांच्या मेंदूवर काय परिणाम होत असेल?

हा प्रश्न मानसशास्त्राने बराच काळ विचारलाच नव्हता. कडक आईबाप आणि बिघडलेलं मूल एकत्र दिसले, की आईबापांमुळे मूल बिघडलं असा निष्कर्ष निघायचा. १९६८ साली रिचर्ड बेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की त्यातली बरीच आकडेवारी उलटीही वाचता येते. मूल हाताळायला अवघड असेल तर आईबाप कडक होत जातात. आज हे उघड वाटतं. तरी मुलगी कोमेजली की नातेवाईक अजून पहिल्यांदा आईकडेच बघतात.

वयात येणाऱ्या मुलांच्या नैराश्यात हा गुंता विशेष वाढतो, कारण ते अनेकदा नैराश्यासारखं दिसतच नाही. मोठा माणूस उदास असला की उदास दिसतो. किशोरवयात उदासीऐवजी सततची चिडचिड हेच मुख्य लक्षण असू शकतं, आणि अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतही तशी नोंद आहे. आता हे आपल्याकडच्या दहावीच्या घरात आणून बघा. मुलगा क्लासला जायचं टाळतो, दुपारी बारापर्यंत लोळतो, काही विचारलं की अंगावर येतो. घरच्यांना दिसतो तो आळस आणि उर्मटपणा. मग मोबाइल काढून घेतला जातो, मावसभावाचे टक्के ऐकवले जातात. आजारी माणसाला शिस्त लावण्याचा हा प्रकार आहे, पण घरच्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर त्यांना तरी दुसरं काय सुचणार?

अशी भांडणं पुन्हा नैराश्याला खतपाणी घालतात. कॉन्स्टन्स हॅमन या कॅलिफोर्नियातल्या संशोधक बाईंनी १९९१ साली नैराश्य असलेल्या स्त्रियांच्या आयुष्यातल्या ताणाच्या घटना तपासल्या. नशिबाने कोसळणारी संकटं इतरांच्याही वाट्याला येत होती. नात्यांतले तंटे आणि तुटातुटी मात्र या स्त्रियांकडे जास्त होत्या, आणि त्यात आजाराचा स्वतःचा हात होता. म्हणजे नैराश्य ताणातून जन्मतं आणि नवा ताण तयारही करतं. पुढे किशोरवयीनांमध्येही हेच आढळलं.

ओरेगॉनमध्ये लिसा शीबर यांच्या गटाला याहून सूक्ष्म गोष्ट दिसली. नैराश्य असलेली मुलं आणि त्यांचे आईवडील घरातल्या वादाच्या विषयांवर बोलत असताना संशोधकांनी त्यांचं वागणं बारकाईने नोंदवलं. मूल खिन्न झालं, की आई जास्त मऊ बोलू लागे आणि वडील राग आवरता घेत. निरोगी मुलांच्या घरांपेक्षा इथे हे जास्त घडत होतं. यात कुणाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण ज्या घरात खिन्न झाल्यावरच शांतता मिळते, तिथे मूल नकळत काय शिकत असेल, ही शंका मनातून जात नाही.

‘आमच्याकडे ते रक्तातच आहे’ हेही नेहमी ऐकू येतं. आनुवंशिकतेचा वाटा आहेच, पण सगळं रक्तावर ढकलता येत नाही. मिनेसोटातल्या एका अभ्यासात दत्तक मुलांकडे पाहिलं गेलं. वाढवणाऱ्या आईला नैराश्य येऊन गेलं असेल, तर रक्ताचं नातं नसलेल्या मुलांनाही त्याचा धोका जास्त होता.

मग आई बरी झाली तर? मला या सगळ्या संशोधनात सर्वांत मोलाचं वाटतं ते कोलंबिया विद्यापीठाच्या मिर्ना वाइसमन यांचं २००६ सालचं काम. नैराश्यावर उपचार घेणाऱ्या आया आणि त्यांची सात ते सतरा वर्षांची मुलं त्यांनी तीन महिने पाहिली. औषध फक्त आईला होतं, मुलांसाठी अभ्यासात काहीच नव्हतं. ज्या आयांचं नैराश्य पूर्ण ओसरलं, त्यांच्या मुलांमधलं मानसिक आजारांचं प्रमाण ११ टक्केबिंदूंनी घटलं. ज्यांचं ओसरलं नाही, त्यांच्या मुलांत ते ८ टक्केबिंदूंनी वाढलं. मूल सुधारलं म्हणून आई सावरली, असंही काही घरांत झालं असेल. बेल यांचा आक्षेप इथेही लागू आहेच.

२००९ साली आलेल्या दुसऱ्या अभ्यासाने याला वेगळ्या बाजूने दुजोरा दिला. आई किंवा वडिलांना कधी ना कधी नैराश्य येऊन गेलेली ३१६ किशोरवयीन मुलं अमेरिकेतल्या चार शहरांतून निवडली. त्यांतल्या निम्म्यांना विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे गटवर्ग दिले. नऊ महिन्यांत वर्गातल्या सुमारे २१ टक्के मुलांना नैराश्य आलं, वर्ग न मिळालेल्या सुमारे ३३ टक्क्यांना. उपाय चालला म्हणायचा. पण वर्ग सुरू होताना ज्यांचे आई किंवा वडील नैराश्यातच होते, त्या मुलांना त्याचा काहीच फायदा दिसला नाही. मूल वर्गात जे शिकून येई, त्याला घरात जागाच नसावी.

वडिलांचं काय? बहुतेक अभ्यास आयांचे आहेत, कारण मुलासोबत दवाखान्यात त्याच येतात. मिनेसोटात वडिलांच्या नैराश्याचा परिणाम दिसला नव्हता. २०१७ साली आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या हजारो कुटुंबांच्या माहितीत मात्र तो स्पष्ट दिसला, आणि आईचं नैराश्य हिशेबात धरूनही टिकला. आपल्याकडे तर संध्याकाळी सोफ्यावर गप्प बसलेल्या बापाला आजारी म्हणायची पद्धतच नाही. तो ‘कामाने दमलेला’ असतो.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. इतक्या मुलांना पुरतील एवढे बालमानसोपचारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत. तिथवर पोचलेल्या मुलासोबत बाहेरच्या बाकावर बसलेल्या आईला ‘तुम्हाला झोप लागते का?’ हे विचारायला कितीसा वेळ लागतो? गरज असेल तर दुसरा केसपेपर तिच्या नावाचा निघावा, वडिलांनाही पुढच्या वेळी बोलवावं.

दोन-तीन आठवडे चिडचिड, झोपेतले बदल, मित्रांना टाळणं असं चाललं असेल तर परीक्षा संपायची वाट पाहू नये. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. मुलगा फोन करायला तयार नसला तर आईवडिलांनी करावा, आणि त्याच फोनवर स्वतःबद्दलही बोलावं.