हसलात की फसलात!

खलनायक मागून येतो, नाकावर रुमाल दाबतो आणि दोन सेकंदांत माणूस आडवा. टीव्हीवर हा सीन इतक्या वेळा झालाय की आता त्या रुमालालाच मानधन द्यायला हवं. पण हाच सीन हैदराबादच्या अफझलगंजमध्ये घडवायचा असेल, तर लेखकानं जरा जपून. क्लोरोफॉर्मनं माणूस दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, या जगभर पेटलेल्या वादाचा तपास इथल्याच अफझलगंज दवाखान्यात झाला होता. एकदा १८८८ साली आणि पुन्हा १८८९ साली. प्रमुख होते सर्जन एडवर्ड लॉरी. दुसऱ्या फेरीचा खर्च सहाव्या निजामांनी उचलला आणि लंडनच्या ‘लॅन्सेट’नं लॉडर ब्रंटन यांना मुद्दाम इकडे धाडलं. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले, टिपणं निघाली, निकाल लागला: दोषी श्वास, हृदय निर्दोष. पुढे १९११ मध्ये लेव्ही नावाच्या संशोधकानं मांजरांवर दाखवून दिलं की क्लोरोफॉर्म हृदयालाही थेट दगा देतो. म्हणजे कसून तपास, ढीगभर पुरावे आणि आरोपी बाइज्जत बरी!

(याच कमिशनच्या कामात लॉरींच्या विद्यार्थिनी रूपाबाई फर्दुनजी होत्या. जगातली पहिली महिला भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांच्यावर मालिका का नाही, हे एक वेगळंच रहस्य.)

रुमालाचं म्हणाल, तर क्लोरोफॉर्म चढायला काही मिनिटं सलग हुंगावा लागतो. आता हे शास्त्र प्रमाण मानून सीन लिहा. खलनायक रुमाल धरून उभा. शिकार अजून टक्क जागी. तिसऱ्या मिनिटाला खलनायकाच्या हाताला मुंग्या येतात, आणि रुमालाआडून शिकारच विचारते, “भाई, हात दुख रा क्या? बदल लेव.” सीन तोच, माणसंही तीच, फक्त घड्याळ खरं लावलं. विनोदी रहस्यमालिकेची निम्मी कारागिरी एवढ्यातच आली.

बारा टोले आणि एक पाकीट

उरलेली निम्मी बघायला नयापूल ओलांडून सालारजंग म्युझियममध्ये जावं. तिथल्या जुन्या घड्याळासमोर बाकं मांडलेली असतात आणि बारा वाजायच्या आधी ती भरून जातात. तासाच्या ठोक्याला एक इवलासा दाढीवाला बाहेर येतो, टोले देतो आणि आत जातो. बाराला टोले सगळ्यात जास्त, म्हणून गर्दीही बाराचीच. बाराव्या टोल्यानंतर त्या गर्दीतल्या कोणालाही विचारा, तुमच्या डाव्या हाताला कोण उभं होतं? टोले बरोबर बारा पडले, हे प्रत्येक जण शपथेवर सांगेल. डावीकडच्या माणसानं पाकीट मारलं असतं तरी पत्ता लागला नसता.

गंभीर मालिकेत कॅमेरा सुरीवर दोन सेकंद रेंगाळला की घरातली आजीसुद्धा म्हणते, “यानंच मारलंय.” विनोदी मालिकेत त्याच सुरीनं आधी कांदा चिरतात. चिरणाऱ्याचं बोट कापतं, तो बोंबलतो, बायको हळदीऐवजी तिखट लावते, हशा पिकतो. सुरी कोणाच्या घरची होती, हे विचारायचं राहून जातं. कसबी लेखक क्लू लपवत नाही. तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवतो आणि वर एक विनोद झाकतो. हसणारा माणूस बेसावध असतो, एवढ्या एका गोष्टीवर हा सगळा धंदा चालतो.

पांडूला सगळं ठाऊक होतं

आपल्याकडचं सगळ्यात झकास उदाहरण कोकणातलं आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. चित्रीकरण सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या एका वाड्यात. मालिका तशी भीतीची, पण लोकांच्या तोंडी बसला तो पांडू. नाईकांच्या घरातला वेंधळा गडी, अर्धं वाक्य बोलून ‘इसारलंय’ म्हणणारा. आता गंमत पाहा. पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर हेच मालिकेचे संवादलेखक! ज्याच्या डोक्यात पुढचं सगळं, तोच पडद्यावर ‘मला काही आठवत नाही’ म्हणत हिंडतोय. प्रेक्षकाच्या तोंडावर इतकं राजरोस खोटं बोलायची संधी फार थोड्या लेखकांना मिळते.

आणि हे पात्र नुसतं हसवायला नव्हतं, बरं का. घरातला गडी माजघरातही जातो आणि परसातही. त्याच्यासमोर माणसं मोकळी बोलतात, कारण त्याला कोणी मोजतच नाही. त्यात तो विसराळू. म्हणजे एखादी गोष्ट तिसऱ्या भागात त्याच्या कानावर पडली आणि तेराव्या भागात आठवली, तरी लेखकाला कोणी जाब विचारत नाही. गंभीर माणसानं असं केलं असतं तर आपण म्हटलं असतं, कथानकात भोक आहे. पांडूनं केलं की आपण म्हणतो, पांडू तो पांडूच.

मठ्ठ दिसणं हेही एक काम आहे

रोनाल्ड नॉक्स हे पाद्रीबाबा स्वतः रहस्यकथा लिहीत. १९२९ मध्ये त्यांनी रहस्यलेखकांना दहा आज्ञा घालून दिल्या. गुप्त भुयार एकापेक्षा जास्त नको, आधी सूचना दिल्याशिवाय जुळा भाऊ आणायचा नाही, वगैरे. (जुळ्याची आज्ञा आपल्या हिंदी मालिकांपर्यंत पोचायची राहिली.) त्यातली नववी आज्ञा मात्र हिऱ्याची: गुप्तहेराचा मदतनीस सर्वसाधारण वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच, मठ्ठ असावा. वाचकाला शहाणं वाटलं पाहिजे ना!

आपल्या ‘करमचंद’नं १९८५ मध्ये ही आज्ञा तंतोतंत पाळली. पंकज कपूर गाजर खात बसणार आणि सुष्मिता मुखर्जींची किटी भाबडे प्रश्न विचारणार. आपल्याला पडलेला, पण विचारायची लाज वाटणारा प्रश्न किटी विचारायची. ओरडा तिनं खायचा, उत्तर आपण ऐकायचं.

पण याहून पुढची पायरी म्हणजे खुद्द गुप्तहेरच मठ्ठ वाटला पाहिजे. इथं नाव घ्यायचं ते इब्ने सफींचं. जन्म अलाहाबादजवळचा, १९२८ चा. १९५२ मध्ये ‘जासूसी दुनिया’ सुरू केली आणि त्याच वर्षी कराचीला गेले. उर्दू वाचणाऱ्या हैदराबादेत हे नाव सांगावं लागत नाही. १९५५ पासून त्यांनी इमरान आणला. इमरान म्हणजे बाष्कळ बडबडणारा, आचरट कपडे घालणारा नमुना. हाताखालचे लोक त्याला बिनकामाचा समजतात आणि आपल्या अदृश्य साहेबाला, ‘एक्स-टू’ला, चळचळा कापतात. तो एक्स-टू म्हणजे इमरानच! हे वाचकाला ठाऊक, हाताखालच्यांना नाही. त्यामुळे इमरानला कोणी झापलं की हसू दुप्पट.

अमेरिकेचा कोलंबो टीव्हीवर पहिल्यांदा दिसला १९६० मध्ये, म्हणजे इमराननंतर. चुरगळलेला रेनकोट, तिरपा डोळा, आणि दारापर्यंत जाऊन परत वळणं: एवढंच एक विचारायचं राहिलं होतं. या लकबीवर लोक फिदा झाले. तिचा जन्म कसा झाला, तर आळसातून. लेव्हिन्सन आणि लिंक या लेखकजोडीचा एक प्रवेश छोटा पडला होता. कोलंबो तर निघून गेलेला. सगळं पान पुन्हा टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून त्याला दारातूनच परत बोलावलं. हे स्वतः लिंक यांनीच सांगून ठेवलंय. टाइपरायटरच्या जागी कॉम्प्युटर असता तर ही लकब जन्मलीच नसती.

आणि इथल्या मातीतलं एक: १९८६ चा तेलुगू सिनेमा ‘चंटब्बाई’. मल्लादी वेंकटकृष्णमूर्तींची कादंबरी, जंध्यालांचं दिग्दर्शन आणि मारधाडीचा बादशहा चिरंजीवी चक्क बावळट डिटेक्टिव्ह पांडुरंगरावाच्या भूमिकेत. नाव पाहून आपल्या वारकऱ्यांना भरून यावं!

चाहते नावाचं प्रकरण

साधा प्रेक्षक मालिका बघतो, चाहता ती तपासतो. अमेरिकेत ‘साइक’ नावाची मालिका २००६ मध्ये आली. पहिल्याच भागात नायक जेम्स रोडे यांनी ऐनवेळी, संहितेत नसताना, फ्रिजवरचं अननस उचललं. एवढंच! पुढे जवळजवळ प्रत्येक भागात कुठे ना कुठे अननस ठेवायची प्रथाच पडली: कधी खरं, कधी चित्रातलं, कधी नुसतं बोलण्यात. खुनी सापडला तरी चाहते उठेनात, कारण अननस सापडायचं बाकी. २०१३ मध्ये मालिकावाल्यांनी शंभराव्या भागात कहरच केला. खुनी कोण हे प्रेक्षकांनी मत देऊन ठरवायचं. ही सलामी होती १९८५ च्या ‘क्लू’ सिनेमाला, ज्याचे तीन वेगवेगळे शेवट वेगवेगळ्या थिएटरांत दाखवले होते.

माझं मत विचाराल, तर मत घेऊन खुनी ठरवणं हा वाढदिवसाला करायचा खेळ आहे. रोज केला तर क्लूला किंमत उरत नाही. त्यापेक्षा ‘ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग’ (२०२१) वाल्यांनी शहाणपणा केला. त्यांनी चाहत्यांनाच पात्र केलं आणि इमारतीच्या फाटकाशी उभं केलं. आपलेच अंदाज पडद्यावर दुसरा कोणी बोलतोय म्हटल्यावर बघणारा हसतो, आणि पुन्हा बेसावध!

आपल्या ‘सीआयडी’ची कथा याच्या बरोब्बर उलटी. बी. पी. सिंगांनी आधी मराठीत ‘एक शून्य शून्य’ केली, मग जानेवारी १९९८ मध्ये सोनीवर ‘सीआयडी’. ऑक्टोबर २०१८ पर्यंत १५४७ भाग. २००४ मध्ये तर १११ मिनिटांचा अख्खा भाग एकाच शॉटमध्ये घेतला, तोही विक्रम. दिनेश फडणीसांचा फ्रेडरिक्स सोडला तर मालिका तशी गंभीर. पण शिवाजी साटमांची ती फिरती बोटं आणि दयानं तोडलेली दारं यांवर देशातली पोरं इतकी हसली की मालिका गंभीर आहे हे मालिकेलाच पटेना. इथला विनोद लेखकानं पेरला नव्हता, प्रेक्षकानं उगवून घेतला. आणि त्याच प्रेमापोटी डिसेंबर २०२४ मध्ये मालिका परत आली.

अफझलगंजचा एक भाग

रहस्य उलटं लिहितात: उत्तर आधी, मग त्याच्याकडे नेणारे क्लू, मग ते क्लू झाकणारे विनोद आणि सगळ्यात शेवटी पहिला सीन. करून बघू. अफझलगंजला लागूनच बेगमबाजार, तिथं पितळी भांड्यांचं दुकान. सकाळी शेटजी बोंब मारतात, आजोबांच्या वेळचा हंडा गायब! जुना राखणदार सांगतो, “अरे वो तो परसों शादी में गया ना.” पोलीस परवाच्या तारखेची लग्नं काढतात. दोन दिवस मंगल कार्यालयं पालथी घालतात, तिथल्या बिर्याणीवर ताव मारतात, एका नवरदेवाला घोड्यावरून उतरवून त्याची झडती घेतात. पण हैदराबादी माणसाचं ‘परसों’ परवाचं असेल, गेल्या दसऱ्याचं असेल, नाहीतर थेट शेटजींच्या स्वतःच्या लग्नाचं! हंडा गेली तीस वर्षं सासुरवाडीला आहे. क्लू पहिल्याच मिनिटात दिला होता, आणि तो ऐकून सगळे हसले होते.

पाठलाग हवा? उस्मानिया दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेपाशी नेऊन थांबवा. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या पुरात त्या झाडानं दीडशे माणसांचा जीव वाचवला. जुनी नोंद शोधायची तर १८९१ सालची आसफिया, म्हणजे आताची स्टेट सेंट्रल लायब्ररी, नदीकाठी उभीच आहे. सेटचा खर्च शून्य.

मग मराठीत अशी विनोदी रहस्यमालिका होत का नाही? लेखक नाहीत असं अजिबात नाही. २००७ मध्ये ‘असंभव’ आली, चिन्मय मांडलेकरांनी लिहिलेली. घरंच्या घरं रात्री तिच्यासाठी थांबायची. अडचण आहे ती रोजच्या रतिबाची. आठवड्याला पाच-सहा भाग आणि शेवट कधी ते टीआरपी ठरवणार, मग उत्तर आधी लिहिणार कसं? अमेरिकेतल्या ‘मंक’नं नायकाच्या बायकोच्या खुनाचं कोडं २००२ ते २००९ ताणलं, पण दर आठवड्याला एक छोटं कोडं चोख सोडवून. ‘ट्विन पीक्स’वाल्यांना १९९० मध्ये वाहिनीच्या दबावाखाली खुनी सांगून टाकावा लागला आणि पुढच्याच वर्षी दुकान बंद झालं.

तेव्हा वाहिनीवाल्या मंडळींनो, आठवड्याला एकच भाग ठेवा. एकंदर तेराच करा. तेरावा आधी लिहून कुलुपात ठेवा आणि किल्ली टीआरपीवाल्यांच्या हाती देऊ नका. लोकेशनला यायचं तर नयापुलाच्या अलीकडे उतरा. आणि राखणदाराचं काम प्रल्हाद कुडतरकरांना द्या.