आधी फाइल, मग झबली

आठवा महिना सरत आला की घराघरांत दवाखान्याच्या बॅगेची चर्चा सुरू होते आणि बहुतेक वेळा ती झबल्या-टोपड्यांपाशीच अडकते. दुपटी किती घ्यायची, मोजे लोकरीचे की सुती, बाळाला घरी आणताना कोणता रंग घालायचा यावर चार बायका चार मतं देतात. त्यात आता दुकानांतल्या तयार संचांची भर पडली आहे. हा सगळा उत्साह चांगलाच आहे, पण तो बाळंतविड्याचा आहे. बाळंतविडा बारशापर्यंत सावकाश जमवता येतो. दवाखान्याची बॅग मात्र दोनच कारणांसाठी भरायची असते. निघताना वेळ जाऊ नये हे एक आणि पोहोचल्यावर अनोळखी डॉक्टरला या बाईविषयी सगळं ताबडतोब कळावं हे दुसरं. या कसोटीवर बॅगेतला क्रम ठरवला तर पहिला मान कागदांचा, दुसरा आईच्या वस्तूंचा आणि शेवटचा बाळाच्या कपड्यांचा लागतो. प्रत्यक्षात बहुतेक घरांत तो नेमका उलटा असतो.

बाळंतपणात माता का दगावतात याचा अभ्यास करताना थॅडियस आणि मेन या संशोधकांनी 1994 साली तीन विलंबांची मांडणी केली. दवाखान्यात जायचा निर्णय घ्यायला उशीर, तिथे पोहोचायला उशीर आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळायला उशीर. महाराष्ट्राने यातला पहिला विलंब बराच कमी केला आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली 94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. जायचं की नाही हा प्रश्न बहुतेक घरांत उरलेला नाही. उरतात ते पुढचे दोन विलंब, आणि बॅगेचा खरा संबंध त्यांच्याशी आहे. त्यात आपल्याकडे एक खास अडचण आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत अजून पुष्कळ घरांत पाळली जाते. पहिले सहा-सात महिने तपासणी पुण्यात किंवा ठाण्यात होते, सोनोग्राफी तिसरीकडेच, आणि डोहाळजेवण झालं की मुलगी साताऱ्याला किंवा परभणीला जाते. तिथल्या डॉक्टरांनी तिला आधी एक-दोनदा पाहिलेलं असतं, कधी तेवढंही नाही. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर आधीच्या सात महिन्यांची साक्ष द्यायला तिच्या फाइलशिवाय तिथे दुसरं कोणी नसतं.

त्या फाइलमध्ये काय असतं ते नीट बघायला हवं. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी अनेक जण जुनी म्हणून घरी ठेवतात आणि शेवटची तेवढी नेतात. वास्तविक दिवस किती भरले हे सगळ्यांत भरवशाने पहिलीच सोनोग्राफी सांगते. वेळेआधी कळा आल्या आणि 34 आठवडे पूर्ण झालेले नसतील, तर बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. त्यांचा पुरता परिणाम व्हायला वेळ लागतो, म्हणून हा निर्णय लांबवून चालत नाही. बाळ 33 आठवड्यांचं की 36 चं याचं उत्तर त्या कागदावर असतं. रक्तगटाचा अहवालही तसाच. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईला बाळंतपणानंतर 72 तासांत अँटी-डी इंजेक्शन मिळावं लागतं. ते राहून गेलं तर पुढच्या खेपेच्या बाळाला धोका संभवतो. आईला हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला पहिल्या 24 तासांत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. आधीचं सिझेरियन, वार खाली असल्याची नोंद, थायरॉइडच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या, एखाद्या औषधाची अॅलर्जी, यांतली कोणतीही गोष्ट कळांनी हैराण झालेल्या बाईने तोंडी सांगावी अशी अपेक्षा करणं चूक आहे. तिच्याबरोबर आलेल्या सासऱ्यांना किंवा भावाला तर ती ठाऊकही नसते.

फाइलबरोबर माता व बाल संरक्षण कार्ड, आई-वडिलांची आधार कार्डं, रेशन कार्ड, बँक पासबुकाची प्रत आणि विमा असेल तर त्याचं कार्ड हवं. आधार कार्ड केवळ योजनांसाठी लागतं असं नाही. बाळाच्या जन्माची नोंद दवाखान्याकडून जाते आणि तिथल्या फॉर्मवर आईवडिलांची नावं घाईत, कानावर पडतील तशी लिहिली जातात. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंतचा मुख्य पुरावा झाला आहे. एका अक्षराची चूक पुढे नगरपालिकेच्या कितीतरी फेऱ्या मारायला लावते, म्हणून फॉर्म भरणाऱ्यासमोर कार्डच ठेवलेलं बरं. हे सगळं मोबाइलमध्ये आहे असं तरुण जोडपी सांगतात. फोटो काढून ठेवावेतच, पण तो मोबाइल रक्ताची बाटली आणायला गेलेल्या नवऱ्याच्या खिशात असतो आणि कागद मात्र नर्सच्या हातात असावा लागतो.

सरकारी दवाखान्यात सगळं मिळतं, मग बॅग कशाला, असाही एक सूर असतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, आईचं जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी हे मोफत आहे. हा हक्क आहे आणि तो ठामपणे मागावा. पण स्वतःचे स्वच्छ कपडे, अंगावरून जातं त्यासाठी पुरेसे पॅड, न घसरणारी चप्पल, पाण्याची बाटली या गोष्टी आपल्याच न्याव्या लागतात. पुढून उघडणारे सैल गाऊन घ्यावेत. अंगावर पाजायला आणि कमी वजनाच्या बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरून ऊब द्यायला तेच सोयीचे पडतात. वर उल्लेखलेल्या 2019-21 च्या सर्वेक्षणानुसार राज्यात चारातलं एक बाळंतपण सिझेरियनने होतं, तेव्हा टाक्यांवर काचणार नाहीत अशा उंच कमरेच्या चड्ड्या आणि दोन-तीन जादा दिवसांचे कपडे धरूनच चालावं. जुन्या कापडाच्या घड्यांपेक्षा मोठे पॅड बरे, कारण त्यांवरून रक्तस्राव किती होतोय याचा अंदाज लागतो. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे आपल्या देशात मातामृत्यूचं एक मोठं कारण आहे. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजलं तर नर्सला लगेच बोलवायचं, हे सोबतच्या बाईला आधीच सांगून ठेवलं पाहिजे. ती सोबतीण कोण हेही आधीच ठरावं. सरकारी प्रसूतिगृहात जवळची एक बाई सोबत ठेवायला केंद्र सरकारने 2016 मध्ये मान्यता दिलेली आहे.

बाळासाठी फार थोडं लागतं. पुसायला एक आणि गुंडाळायला एक अशी दोन मऊ, कोरडी, धुतलेली फडकी, कानटोपी, पायमोजे, तीन-चार झबली, लंगोट, पांघरूण. पहिली अंघोळ किमान 24 तास पुढे ढकलावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यामुळे साबण, तेल, पावडर यांना बॅगेत जागा नको. मध, गुटी, काजळ आणि दुधाची बाटली तर नकोच. पहिला चीक हेच बाळाचं पहिलं अन्न, आणि बाटली हाताशी असली की घरातल्या कुणाचा तरी धीर पहिल्याच रात्री सुटतो.

सगळ्यांत मोठा आक्षेप मात्र खर्चाचा किंवा जागेचा नसतो. बाळ हाती येण्याआधी त्याच्यासाठी काही आणू नये, असं घरातली मोठी माणसं सांगतात. या भीतीची थट्टा करू नये. ज्या काळात बाळं डोळ्यांदेखत जात, त्या काळातल्या आयांनी दुःख थोडं हलकं व्हावं म्हणून धरलेला तो संयम होता. महाराष्ट्रात हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू 2020 मध्येच 16 वर आले होते, तरी ज्या घराने मूल गमावलं आहे तिथे आकड्यांनी समाधान होत नाही. पण हा रिवाज नव्या खरेदीला आड येतो, तयारीला नाही. उलट आपल्याकडे बाळाला पहिलं अंगडं दुसऱ्या बाळाचं, वापरलेलं घालायची पद्धत आहे. अनेकदा धुऊन मऊ झालेलं सुती कापड नवजात कातडीला नव्या कपड्यापेक्षा अधिक सोसतं. आजीच्या जुन्या लुगड्याची दुपटी आणि मावसभावाची झबली घेतली तर रीतही राहते आणि बॅगही भरते. फाइल, गाऊन आणि पॅड यांना तर या रिवाजाची आडकाठी नाहीच.

बॅग 34 व्या आठवड्यापर्यंत तयार असावी. शेवटच्या पाळीपासून 280 दिवस मोजून दिलेल्या तारखेलाच येणारी बाळं शंभरात चार-पाच, आणि जगभरात दहातलं एक 37 आठवडे भरण्याआधीच येतं. दुर्गम भागात हा हिशेब आणखी अलीकडे आणावा लागतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा आदिवासी भागांतल्या बायकांना तारखेच्या काही दिवस आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ येऊन राहता यावं म्हणून राज्यात माहेरघरं आहेत. तिथे बॅग कळा येण्याच्या कितीतरी आधी घर सोडते.

एवढं सांगूनही बॅगेपेक्षा वेळ मोठी. अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं आणि ते हिरवट दिसलं, डोकं फुटल्यासारखं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर बॅग शोधत बसू नका. फाइल उचला, 102 किंवा 108 ला फोन करा आणि निघा. कपडे मागून कुणीही आणू शकतं. तुमच्या घरात कुणाला आठवा महिना लागला असेल तर फाइल उघडून रक्तगटाचा आणि पहिल्या सोनोग्राफीचा कागद जागेवर आहे ना ते बघा, आणि ती फाइल कुठे ठेवली आहे हे घरातल्या आणखी दोघांना सांगून ठेवा.