मोटारसायकल वाटेंत कां अडते ?

ज्या यंत्रावर आपण रोज विसंबून राहतों तें भर रस्त्यांत बंद पडलें म्हणजे भल्याभल्यांची बुद्धि गोंधळते. आमचीहि गोंधळली. कार्ब्युरेटर असलेली आमची जुनी मोटारसायकल दहाबारा किलोमीटर नीट चाले, मग आचके देऊन बंद पडे. रस्त्याच्या कडेस कांहीं वेळ उभी केली कीं पुनः सुरू होई. आम्हीं प्लग बदलला, पण गुण आला नाहीं. आदल्या दिवशीं एका विद्यार्थ्यानें आमच्या सांगण्यावरून टाकींत पेट्रोल भरून आणलें होतें. 'तूंच कोठून तरी भेसळीचें पेट्रोल आणलेंस', असा आम्हीं त्याच्यावर ठपका ठेवला. तो बिचारा मान खालीं घालून उभा राहिला. खरा दोष कोणाचा होता हें पुढें येईलच. तत्पूर्वीं पेट्रोलचा मार्ग समजून घेऊं.

अशा गाडींत पेट्रोल टाकींतून आपल्याच भारानें खालीं उतरतें आणि नळ व नळी यांमधून कार्ब्युरेटरच्या लहानशा वाटींत येतें. घरच्या पाण्याच्या टाकींत तरंगता गोळा जशी तोटी मिटतो, तसाच या वाटींतील फ्लोट एका सुईच्या योगें पेट्रोल आंत घेतो अथवा थांबवितो. वाटीच्या वर हवेची नळी असून ती मध्यें अरुंद असते. अरुंद जागीं हवेचा वेग वाढतो व दाब घटतो. हें तत्त्व बर्नुली या शास्त्रज्ञाच्या १७३८ सालच्या ग्रंथावरून प्रसिद्ध आहे. वाटींतील पेट्रोलवर बाहेरील हवेचा दाब असतोच. त्यामुळें तें जेट नांवाच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढतें आणि हवेंत मिसळून सिलिंडरांत जातें. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारें पंधरा ग्रॅम हवा लागते. हें प्रमाण फार बिघडलें कीं इंजिन थांबलेंच.

आतां परीक्षेचा क्रम पाहूं. इंजिन पूर्ण निवूं द्यावें आणि जवळपास दिवा, विडी किंवा चूल नसावी. कारण पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत पसरते व दूरच्या ज्योतीनेंहि पेट घेते. हें काम मुलांनीं वडील माणसाच्या देखरेखीवांचून करूं नये.

प्रथम टाकींत पेट्रोल आहे काय व नळ उघडा आहे काय हें पाहावें. मग प्लग काढून पाहावा. तो ओला असेल तर पेट्रोल पोंचत आहे. दोष बहुधा ठिणगीचा, किंवा पेट्रोल वाजवीपेक्षां अधिक येत असावें. तो कोरडा असेल तर पेट्रोल वाटेंतच अडलें असें समजावें. नंतर वाटीच्या तळचा स्क्रू सैल करून धार एका भांड्यांत धरावी. धार अखंड वाहिली तर वरचा मार्ग मोकळा असून जेट तुंबली असावी. मंद चालीवर बंद पडणाऱ्या, पण वेगांत नीट चालणाऱ्या गाडींत संशय लहान जेटचा. याच्या उलट असेल तर मोठ्या जेटचा. धार थोडी वाहून थांबली, तर अडथळा गाळणींत, नळींत वा टाकींत आहे. कांहीं गाड्यांचा नळ मात्र इंजिन फिरत असतांनाच उघडतो. त्यांस ही कसोटी लागू नाहीं.

आमच्या गाडीची धार हळूहळू बारीक होऊन थांबली. तेव्हां एका वृद्ध मिस्त्रीनें कांहीं न बोलतां टाकीचें झांकण सैल केलें. 'सूं' असा आवाज झाला आणि धार पुनः जोरानें वाहूं लागली! तेलाच्या डब्यास एकच भोंक पाडलें तर तेल अडखळत येतें. म्हणून गृहिणी दुसरें भोंक पाडतात, तें हवेसाठीं. टाकीच्या झांकणासहि तसेंच बारीक छिद्र असतें. तें बुजलें होतें. त्यामुळें पेट्रोल जसजसें उतरे तसतशी टाकींतील हवा विरळ होई व अखेर प्रवाह थांबे. गाडी उभी राहिली कीं थोडी हवा झिरपून आंत जाई, आणि ती पुनः चाले.

तें छिद्र बुजविलें कोणीं? झांकण चकाकावें म्हणून त्यावर मेणाचें पॉलिश आम्हींच स्वतः घासलें होतें!

भारतांत १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे कडक नियम लागू झाले. तेव्हांपासूनच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटरऐवजीं विजेचा पंप व इंजेक्टर असतो. किल्ली फिरवितांच पंपाची क्षणभर गुणगुण ऐकूं येते काय, एवढें पाहावें. त्या नळींत पेट्रोल दाबाखालीं असतें, म्हणून ती घरीं उघडूं नये.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत सर्वांसमक्ष आम्हीं त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली. पेट्रोल शुद्ध होतें आणि तोहि निर्दोष होता. यंत्र असो वा माणूस, परीक्षा करावयाची ती आधीं, आणि बोल लावावयाचा तो मागाहून, हा धडा आम्हांस त्या सुईच्या अग्राएवढ्या छिद्रानें शिकविला.