नोकरी सोडताना मेल केलेली यादी कोणाची?

समजा, दत्तजयंतीच्या तोंडावर गाणगापुरातल्या लॉजचा व्यवस्थापक नोकरी सोडतो आणि यात्रेकरूंचे फोन नंबर, आधारच्या प्रती स्वतःच्या मेलवर पाठवतो. ‘यादी मीच केली, म्हणजे माझीच’ हा समज सर्रास आढळतो. पण दुकानाची खतावणी मुनीम लिहितो, म्हणून जाताना ती घरी नेत नाही. स्वतःची पगारपत्रके खुशाल न्यावीत. विनापरवानगी डेटा (संगणकात साठवलेली माहिती) उतरवून घेणे मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३मध्ये येते; हेतू अप्रामाणिक असेल, तर कलम ६६नुसार ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मालकही इथे चुकतात. रागाच्या भरात व्यवस्थापकाचे ऑफिसचे मेल खातेच पुसतात आणि पुरावा जातो. आधी लॉग (कोणी, काय, केव्हा पाठवले याची नोंद) जपावा, पासवर्ड बदलावेत. मग प्रती पुसल्याचे त्याच्याकडून लेखी घ्यावे.